पाहुणे काकूंकडे ठेवून द्या

भंडाऱ्याहून वरठीच्या रेल्वे स्टेशनकडे निघालं की डाव्या हाताला ‘लेक व्ह्यू सिटी’ अशी कमान लागते. कमानीच्या आत लेक नाही आणि सिटीही नाही. लेक पूर्वी होता. जमीन मंगरू नावाच्या म्हशीवाल्याची, म्हणून त्याला मंगरूची बोडी म्हणत. बोडी म्हणजे धानाला पाणी पुरवणारं छोटंसं तळं. लेआउटवाल्यानं बोडी बुजवली, तिच्यावर प्लॉट पाडले आणि व्ह्यू तेवढा नावात ठेवला. सिटीचं काम चालू आहे.

इथली बहुतेक माणसं नागपूरला अपडाऊन करतात. अंधारात जातात, अंधारात येतात. आपल्या घराला कोणता रंग दिला आहे हे बऱ्याच जणांना रविवारी दिसतं. कोंढ्याचे आहेत, तुमसरकडचे आहेत, राजनांदगावकडून आलेले साहू आहेत, बालाघाटचे आहेत, नागपूरच्या दवाखान्यात नोकरी करणारी केरळची एक नर्स आहे. एका गल्लीत डाळीला पाच तऱ्हेची फोडणी पडते. शेजारी म्हणून सगळे चांगले. कोणाचं कोणाशी भांडण नाही, कारण भांडायला दोघं एका वेळी घरी असावे लागतात.

दिवसा लेआउटात दोनच दारं उघडी असतात. एक शकुंतलाबाईंचं आणि दुसरं त्यांच्या भिंतीला लागून राहणाऱ्या धुरपताबाईंचं. शकुंतलाबाई आंबागडच्या. नवरा गेल्यावर त्यांच्या मुलानं, मनिषनं, त्यांना इथं आणलं. मनिष नागपूरला एका कंपनीत, सून हर्षा नागपूरलाच रक्त तपासण्याच्या लॅबमध्ये. धुरपताबाईंचे यजमान गुलाबराव नागपूरच्या एका शाळेत क्लार्क. म्हणजे या दोन बाया सोडल्या तर दिवसाउजेडी लेक व्ह्यू सिटीत मंगरूच्या म्हशींचंच राज्य.

त्यामुळे लेआउटात येणारं प्रत्येक पार्सल शकुंतलाबाईंकडे उतरायचं. धुरपताबाईही घेत, पण आत काय आहे ते विचारून घेत, आणि डिलिव्हरीवाल्याला ते सांगता येत नसे. मग तो मालकाला फोन लावायचा आणि नागपुरातून मालक एकच वाक्य सांगायचा, “काकूंकडे ठेवून द्या.” तीन वर्षांत शकुंतलाबाईंना लेआउटातल्या माणसांची नावं फारशी माहीत झाली नव्हती. चेहरे त्याहून कमी. पण कोणाकडे काय येतं हे त्यांना खोक्याच्या आकारावरून आणि हलवल्यावर येणाऱ्या आवाजावरून पाठ होतं.

बाकी त्यांचं बरं चाललं होतं. दुखणं एकच होतं, आणि ते दिवाळीनंतर उठायचं.

भाऊबीज आटोपली की आमच्या भागात मंडया सुरू होतात. एकेका गावाचा एकेक दिवस. त्या दिवशी गावात जिलबीची, बांगड्यांची, खेळण्यांची दुकानं लागतात, दुपारी दंडारवाले ढोलकीवर नाचून-गाऊन सोंगं करतात, रात्री नाटक असतं, आणि सकाळपासून घरोघर पाहुणे येतात. आज तुम्ही माझ्या मंडईला आलात, तर आठ दिवसांनी मी तुमच्या मंडईला. एरवी वर्षभर कोणी कोणाकडे फिरकलं नाही तरी चालतं, पण मंडई चुकवली तर त्याची चर्चा पुढच्या मंडईपर्यंत पुरते. नागपूरच्या साहेब लोकांनाही या मंडया आता पाठ झाल्या आहेत. रजेचा अर्ज समोर आला की ते विचारतात, “सासुरवाडीची तर मागच्या हप्त्यात झाली ना तुझी?”

लेक व्ह्यू सिटीला मंडई नव्हती. शकुंतलाबाईंच्या आंबागडला होती, पण तिथल्या घरात आता त्यांची जाऊ राहत होती. ज्या चुलीवर जन्मभर चहा मांडला, त्या चुलीपाशी जाऊ विचारायची, “चहा घेता काय जी?” तो चहा त्यांच्या घशाखाली उतरत नसे.

आणि आसगावला त्यांची थोरली बहीण होती, गोदावरीबाई. दोघींची भेट मंडईतच व्हायची. गोदावरीबाईंचे गुडघे गेल्या वर्षीपासून कुरकुरत होते. त्यांचा फोन भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी आला.

“शकुन, येऊन राहिली ना व मंडईले?”

“नाई येत बाई यंदा.”

“काहून? तुयी सून सोडत नाई काय?”

“सून कायले अडवते? तीन वर्षं झाले, मीच तुझ्याइथं येतो, जेवतो, अन् वरतून पिशवी भरून आनतो. तू कधी आली काय माझ्याइथं?”

“तुमच्या सिटीले मंडईच नाई, तं कायले येऊ? म्हशी पाहाले?”

“तेच म्हनून राहिली ना मी. मले बोलावता येत नाई, तं कोनत्या तोंडानं येऊ? मानूस सगळीकडं पाव्हनाच राह्यला तं त्याले घर नाई म्हनते लोकं.”

गोदावरीबाई म्हणाल्या, “मले पुढच्या वर्षी कोन उचलून आननार हाये? पाहाय बाप्पा तुयं तू.” आणि फोन ठेवला. फोन ठेवण्यात त्या पहिल्यापासून पटाईत.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. लेआउटच्या कमिटीची सभा ‘बगिचा’ अशी पाटी लावलेल्या मोकळ्या जागेत भरत असे. बगिचात पाटीखेरीज मंगरूच्या म्हशी असत. जमीन विकून बरीच वर्षं झाली होती, पण म्हशींना कोणी तसं कळवलं नव्हतं. सभेचा विषय होता कमानीवरचा गेलेला दिवा. अध्यक्ष इश्वरभाऊ कोंढ्याचे. नागपूरला एका कचेरीत वरिष्ठ लिपिक असल्यामुळे कोणताही विषय पुढच्या सभेत ढकलण्याची त्यांना सवय होती. दिवा पुढच्या सभेत गेला आणि तेवढ्यात शकुंतलाबाई उभ्या राहिल्या. सभेत त्यांना कोणी उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं. दोघा-तिघांना वाटलं, पार्सलबद्दल काही असेल.

“आपल्या इथं मंडई पायजे,” त्या म्हणाल्या.

“मंडईले गाव लागते, काकू,” इश्वरभाऊ म्हणाले. “हे लेआउट होय.”

“अन् गावाले काय लागते?”

इश्वरभाऊ बोटं मोजायला लागले. “ग्रामपंचायत लागते. पोलीस पाटील लागते...”

“मंडई लागते,” मंगरू म्हणाला. तो सभेला आलेला नव्हता, म्हशी सोडायला आला होता.

भुपेंद्र साहू खुर्ची पुढे ओढून म्हणाला, “हमारे उधर भी मडई होती है काकू. मडई में नहीं बुलाओ तो जीजा लोग साल भर मुँह फुलाते हैं. मेरे तो तीन जीजा हैं.”

“मंडईतली देवाची ढालपूजा-गिलपूजा तुमी पाहून घ्या,” गुलाबराव म्हणाले. “आमाले दंडार अन् पाव्हने पुरे. खरं सांगू काय, आमची हे दरवर्षी विचारते, आपल्या लोकाइले मंडईले कुठं बोलवाचं?”

असं दिसून आलं की हे दुखणं सगळ्यांनाच होतं. प्रत्येक जण कोणाच्या तरी घरी जेवून आलेला होता आणि कोणालाच परत बोलावता येत नव्हतं. ठराव एकमतानं मंजूर झाला. लेआउटच्या इतिहासातला तो पहिलाच.

अडलं ते दिवसावर. रविवार शक्य नव्हता. त्या दिवशी प्रत्येकाच्या मूळ गावी किंवा सासुरवाडीला मंडई असते, आणि आपली ठेवून कोणी लेक व्ह्यू सिटीची पाहायला थांबणार नव्हता. सोमवारी बरेच लोक मटण खात नाहीत. गुरुवारी त्याहून जास्त लोक खात नाहीत. शनिवारी मारुती. मंगळवारी शेजारच्या गावाची मंडई, आणि शेजारच्याच्या दिवशी आपली ठेवणं म्हणजे भांडण विकत घेणं. शुक्रवारी साहूच्या बायकोचा उपवास. बुधवार तेवढा कोणाचाच नव्हता.

“पन बुधवारी तं आपन सगळे नागपूरले राहू,” गुलाबरावांना शंका आली.

“सुट्टी टाकू,” कोणीतरी म्हणालं. पण सुट्ट्या मूळ गावांच्या मंडयांसाठी आधीच लागल्या होत्या.

“घरी कोनी ना कोनी असतेच,” इश्वरभाऊ म्हणाले.

सगळ्यांनी माना हलवल्या. यात कोणाला काही चुकीचं वाटलं नाही. गावात घरी कोणी ना कोणी असतंच. आई असते, आजोबा असतात, एखादी आत्या असते. सगळी तिकडे आसगावला, कोंढ्याला, राजनांदगावला असतात. इथं ती नव्हती. हे तिथं बसलेल्या प्रत्येकाला स्वतःच्या घरापुरतं माहीत होतं, पण दुसऱ्याच्या घरी कोणी असेल असा विश्वास होता. आणि संध्याकाळच्या गाडीनं आपण येणारच होतो.

शकुंतलाबाईंनी यातलं फक्त ‘बुधवार’ एवढंच ऐकलं. घरी येऊन त्यांनी फोन लावला.

“बाई, पुढच्या बुधवारी आमची मंडई हाये.”

“कोनाची?”

“आमची. लेक व्ह्यूची.”

“मटन हाये काय?”

“हाये.”

“मंग येतो,” गोदावरीबाई म्हणाल्या. “निकेश आनून देते मले.” निकेश त्यांचा मुलगा. फोन ठेवायच्या आधी त्या प्रथमच थोडा वेळ थांबल्या. “अन् तू आली नाई ना आसगावले, तं पाहाय मंग.”

“तू इथं जेव आधी. मंग पाहू.”

तयारी जोरात झाली. आंबागडच्या नत्थूची दंडार ठरली. जिलबीवाला, बांगड्यावाला, शिंगाडेवाला यांना निरोप गेले. मंगरूनं म्हशी हलवायचं कबूल केलं आणि दहा हात हलवल्या. घरोघरच्या लोकांनी नागपूरला जाता-येता फोनवरून आपापल्या मावशा, मेहुणे, व्याही यांना आमंत्रणं दिली. हे बाकी त्यांनी मन लावून केलं.

शकुंतलाबाईंनी मंगळवारीच लाखोळीची डाळ भिजत घातली. वडे त्यांच्या हातचे. गोदावरीबाईंना पुढचे दात होते, दाढा मात्र आठवणीत उरल्या होत्या. म्हणून त्यांच्यासाठी कोवळं मटण वेगळं शिजवायचं, लहान गंजात, म्हणजे पातेल्यात, आणि ते कोणाला द्यायचं नाही असं ठरलं. बसायला मनिषची कॉम्प्युटरसमोरची फिरती खुर्ची बैठकीत आणून ठेवली. तिच्यावर उशी ठेवली. उशीवर टॉवेल ठेवला.

मनिषची रजा मंगळवारी संध्याकाळी फिरली.

“सायेब म्हनते, तुयं गाव आंबागड, त्याची मंडई होऊन गेली. सासुरवाडीची होऊन गेली. हे लेक व्ह्यू कोनतं गाव होय? तालुका कोनता? मले सांगताच नाई आलं, आई.”

“जाय तू. मी हावो ना,” शकुंतलाबाई म्हणाल्या. त्यांचा पाहुणा एकच होता.

बुधवारी सकाळी लेक व्ह्यू सिटी नेहमीप्रमाणे कुलूप लावून नागपूरला गेली.

पाहुणे दहाच्या सुमाराला यायला लागले. पहिला आला तो धोतर-टोपीतला एक पिकला गृहस्थ. खांद्यावर उसाची मोळी. समोरच्या घराला कुलूप पाहून त्यानं फोन लावला, बराच वेळ ‘हाव, हाव’ केलं आणि रस्ता ओलांडून शकुंतलाबाईंच्या दारात आला.

“जावई म्हनते, काकूकडं बसा. मी निघालोच.”

“कुठून निघाले?”

“नागपुरातून.”

“कोन तुमचे जावई?”

त्यानं नाव सांगितलं. शकुंतलाबाईंना उमगेना. त्यानं घराकडे बोट केलं, तेव्हा त्यांचा चेहरा खुलला. “ते जोडेवाले काय? या या. बसा. लय जोडे येते बाप्पा त्याइचे. दर हप्त्याले एक डबा.”

सासऱ्यानं उसाची मोळी खाली ठेवली. “दर हप्त्याले?”

“कधी कधी दोन.”

सासरा फिरत्या खुर्चीवर टॉवेलासकट बसला आणि बराच वेळ हळूहळू फिरत राहिला.

मग ओघ सुरू झाला. प्रत्येक जण आधी एका कुलपासमोर उभा राहायचा, फोन लावायचा आणि इकडे वळायचा. मालक नागपुरात कोणी मीटिंगमध्ये होता, कोणी काउंटरवर होता. दबक्या आवाजात सगळे एकच सांगत होते, काकूंकडे बसा, मी पोचतोच. साहूचे तीन जीजाजी एका मोटरसायकलवर आले आणि त्यांच्यातल्या मोठ्याला पाणी पिता पिता कळलं, की भुपेंद्रकडे महिन्याला केस उगवायचं तेल येतं. “उगे तो नहीं,” तो म्हणाला. इश्वरभाऊंच्या व्याह्यांना कळलं, की त्यांच्या मुलीच्या घरी पोळ्या करायचं यंत्र आलं आणि आठव्या दिवशी परत गेलं. शकुंतलाबाईंनी यातलं काही सांगायचं म्हणून सांगितलं नव्हतं. ओळख पटवायचा त्यांच्याकडे दुसरा मार्ग नव्हता.

बैठक भरली. ओसरी भरली. चपला रस्त्यावर गेल्या. मंडईला आलेला पाहुणा चहा पिऊन जात नाही. तो जेवतो, आणि जेवण कधी आहे हे विचारत नाही, वासावरून ओळखतो. शकुंतलाबाई स्वयंपाकघरात चार माणसांच्या मटणाकडे पाहत उभ्या होत्या तेव्हा मागच्या दारातून धुरपताबाई आल्या. त्यांच्या डोक्यावर एक गंज होता. त्यात लहान पोर उभं मावलं असतं.

“कायले घाबरता शकुंतलाबाई? विजयादशमीले दीक्षाभूमीवर जानारे आमचे सगळे आमच्याइथंच उतरते. इतके लोक तं मी अंगनात पाहून चाहा ठेवतो. भात मायाकडून. रस्स्यात पानी तुमी टाका, तिखट मी टाकतो. पान्याले कोनी पाहात नाई.”

“मी दुसऱ्याइच्या पाव्हन्याइले उपाशी कशी पाठवू? पन माई बहीन येनार हाये व.”

“तिलेबी घालू ना. कुठं जाते?”

वाढायला माणूस नव्हता. इतक्यात दंडारीचा नत्थू आला. तो दंडारीत राणी व्हायचा. चापूनचोपून हिरवं लुगडं नेसला होता, मिशी काढली होती, गालाला लाली होती. त्याला आरसा हवा होता. धुरपताबाईंनी त्याच्या हातात भाताचं टोपलं दिलं. आंबागडचा माणूस, शकुंतलाबाईंना नाही म्हणणार कसा? तो पदर खोचून पंगतीत शिरला. बालाघाटकडच्या एका म्हातारीनं तीन वेळा भात मागून घेतला आणि शेजारणीला सांगितलं, “सून चांगली हाय. अंगानं थोडी रुंद हाय, पर कामाची हाय.” हे हर्षाला संध्याकाळी कळायचं होतं.

गोदावरीबाई आल्या त्या या वेळी. निकेशनं गाडी कमानीपाशीच थांबवली, कारण पुढे चपला होत्या. बहिणीच्या दारात एवढी माणसं, दारासमोर धोतरं, टोप्या, खाली मान घालून बसलेले म्हातारे. गोदावरीबाईंनी डोक्यावर पदर ओढला. एवढी माणसं एका दारात कशासाठी जमतात हे त्यांना या वयात माहीत होतं. “मनिषनं फोनबी केला नाई,” त्या निकेशला म्हणाल्या आणि गुडघे विसरून झपाझप चालत आल्या. तोंड उघडून गळा काढणार, तेवढ्यात खाली मान घातलेला एक म्हातारा मान वर करून म्हणाला, “रस्सा आना जरासा.”

गोदावरीबाईंनी तोंड मिटलं. पदर मागे सरकवला. घरात शिरून त्या सरळ स्वयंपाकघरात आल्या. शकुंतलाबाईंचे दोन्ही हात डाळीत होते.

“मेली नाई काय व तू?”

“बाई.” शकुंतलाबाई उठायला गेल्या. “चाल, बैठकीत खुर्ची ठेवली हाये तुझ्यासाठी.”

“तिच्यावर एक मानूस फिरून राहिला.”

“उठवतो मी त्याले.”

“पाव्हन्याले उठवते काय कोनी?” गोदावरीबाईंनी कढईकडे पाहिलं, डाळीकडे पाहिलं, आणि पाट ओढून बसल्या. बसताना गुडघे दोनदा वाजले. “हात दुखून राहिले असन तुये. सरक तिकडं.”

“नाई बाई, तू नको. तू पाव्हनी होय. तुले मी...”

“पाव्हने तं बाहेर लय हायेत. वडे थापनारं कोन हाये?”

त्यांनी डाळ चाखली, मीठ कमी आहे म्हणून सांगितलं आणि शकुंतलाबाई नको म्हणायच्या आत मूठभर टाकलं. मग दोघी बहिणी, मध्ये कढई, वडे करत राहिल्या. बाहेर ढोलकी वाजत होती. नत्थू एकदा राणी होऊन नाचायचा आणि सोंग बदलायच्या वेळात येऊन वडे न्यायचा. धुरपताबाई चुलीवरचा मोठा गंज हलवत होत्या. रस्सा संपत आला तशी त्यांनी फळीवर झाकून ठेवलेला लहान गंज पाहिला, झाकण काढलं, वास घेतला, आणि देवानं दिलं तसं समजून मोठ्या गंजात ओतला.

शकुंतलाबाईंना ते दिसलं तेव्हा लहान गंज पालथा झाला होता. धुरपताबाईंना काय सांगणार? भात तिचा, गंज तिचा, तिखटही तिचं. कोवळं मटण जोडेवाल्याच्या सासऱ्याच्या पानात पडलं. त्याला सगळ्या दाढा होत्या.

पाहुण्यांच्या पंगती आटोपल्या तेव्हा उन्हं उतरली होती. जाताना प्रत्येकानं रीतीप्रमाणे शकुंतलाबाईंनाच आमंत्रण दिलं, कारण मंडईत ज्याच्या घरी जेवलो त्यालाच बोलावतात. “शुक्रवारी आमची हाये, यायचं जी.” “अगले इतवार हमारे यहाँ, काकू, तीनों घर का न्योता है.” नागपूरची गाडी आली, आणि लेआउटातले मालक एकेक करून फाटकाशी येऊन उभे राहायला लागले. “काकू, आमचे हायेत काय इथं?” बरेचसे पाहुणे निघून गेले होते, आणि जे होते ते दंडार सोडून उठायला तयार नव्हते. जोडेवाले जावई सासऱ्याच्या पायांशी बसून होते. सासरा त्यांच्या पायांकडे पाहत होता.

आतमध्ये गोदावरीबाई जेवत होत्या. चुलीपाशी, पाटावर, गंजाच्या तळाचा भात आणि वर रस्सा. रस्स्यात मटण नव्हतं, मटणाची आठवण होती. त्या भात कालवून शांतपणे खात होत्या. शकुंतलाबाई समोर बसल्या आणि त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं.

“तिखट लय झालं काय?” गोदावरीबाईंनी विचारलं.

“बाई, तुझ्यासाठी येगळं शिजवलं होतं. कोवळं. तेबी गेलं. तुले बोलावून राबवलं अन् नुसता रस्सा वाढला. आता आसगावले कशी येऊ सांग?”

गोदावरीबाईंनी घास संपवला. पाणी प्याल्या.

“मी कुठं तुले पाव्हनी म्हनून बोलावून राहिली?”

“मंग?”

“माझ्या घरी सुनेच्या एकटीच्यानं होत नाई. मायाच्यानं बसवत नाई. आज मी तुझ्या चुलीशी बसली ना? तं आता तू माझ्या चुलीशी बस. मंडईच्या दिवशी कायले येतं? दोन दिवस आधी ये. दाळ तू निवड, भिजव तू, थाप तू. जेवन उरलं तं वाढीन.”

शकुंतलाबाईंनी पदरानं नाक पुसलं. तीन वर्षांत कोणत्याच मंडईला त्यांना कोणी काम सांगितलं नव्हतं.

“अन् मीठ?” त्यांनी विचारलं.

“मीठ मीच टाकीन.”

“तं नाई येत मी. लोकं घोटाघोटाले पानी पिऊन राहिले होते आज.”

“कोन म्हने? मोठे आवडीनं खाऊन राहिले होते सगळे.”

“आवडीनं नाई, मंडई म्हनून.”

धुरपताबाई गंज घासत होत्या. त्या म्हणाल्या, मीठ जरा जास्तच होतं. गोदावरीबाईंनी त्यांना विचारलं, तुमी कोन. धुरपताबाईंनी सांगितलं. गोदावरीबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “मंग तुमीबी या आसगावले. पन गंज घेऊन या. आमच्याइथं एवढा नाई.”

निकेशनं बाहेरून हॉर्न दिला. गोदावरीबाई दोघींच्या खांद्यांना धरून उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि उंबऱ्यात थांबल्या.

“सोमवारी ये. सकाळची. अन् येताना भाजी चिराले तुयी पावशी आनशीन. आमच्या घरची पावशी काई कापत नाई, नुसती दाबते.”

गाडी कमानीबाहेर गेली. बगिचात नत्थू राणीच्या सोंगात युद्ध हरत होता आणि मंगरूच्या म्हशी पुढच्या रांगेत बसून पाहत होत्या. हर्षा आणि मनिष नुकतेच आले होते. हर्षाला कोणीतरी ती थोडी रुंद असल्याचं सांगितलं होतं आणि ती त्याचा उगम शोधत होती.

“आई, जेवली काय तू?” मनिषनं विचारलं.

“जेवीन. ते पावशी काढ आधी वरतून,” शकुंतलाबाई म्हणाल्या, “अन् उद्या तिले नागपुरातून धार लावून आन. मले आसगावले कामाले जाचं हाये.”